सापाच्या पानावरचा बाबा

मंडळी, आवाज जरा मोठा वाटला तर सांभाळून घ्या. सवय आहे. रिसोडच्या गल्लीबोळांतून ऑटोवर भोंगा बांधून मी अर्धी जवानी ओरडलो आहे. साड्यांचा सेल, सर्कसचा शेवटचा खेळ, उद्या नळाला पाणी नाही, पाटलांची म्हैस हरवली, सगळं याच गळ्यातून गेलं. अजूनही मला लोक भोंगेवाले बबनभाऊ म्हणूनच ओळखतात. आता मात्र मी वेबसाइटची पानं लिहितो. लोकांना वाटतं, बबनभाऊ निवांत झाला, खुर्चीत बसला. कशाचा बसतो! एक ओळ लिहिली की उठतो. खिडकीतून बाजार समितीकडे चाललेल्या सोयाबीनच्या गाड्या बघतो. परत येऊन पान उघडतो, चौकटीतली जाहिरात बदलली का ते बघतो, पुन्हा उठतो. बायको म्हणते, "तुमच्या बुडाखाली मुंग्या हायेत काय वो?"

आहेत. पूर्वी त्या गमतीच्या होत्या. आताच्या वेगळ्या आहेत, आणि त्यांचीच ही हकिगत.

आधी धंदा समजून घ्या, म्हणजे पुढची मजा आणि पुढची भीती दोन्ही कळेल. तुम्ही मोबाइलवर एखादं पान उघडता. मजकुराच्या वर, मधे, खाली चौकटी असतात आणि त्यांत जाहिराती येतात. त्या मी चिकटवत नाही. मी फक्त चौकट मोकळी ठेवतो, तिचे चार पैसे मला मिळतात. एक यंत्र माझं पान वाचून ठेवतं, हे कशाबद्दल आहे याचा अंदाज बांधतं, आणि त्या विषयावर पैशाची बोली लावून बसलेल्या जाहिरातदारांपैकी एकाला त्या चौकटीत सोडतं. काही जाहिराती माणसाच्या मागेही लागतात, तुम्ही काल काय बघितलं त्यावरून. तो वेगळा तमाशा. माझा प्रांत पानाचा.

यंत्र काय वाचतं? मथळा, मजकूर, आणि तुम्हाला न दिसणारा भागसुद्धा. पानाच्या डोक्यात, पडद्याआड, पानाचं नाव आणि दोन ओळींची ओळख लिहिलेली असते. नाटकाचा पडदा उघडण्याआधी विंगेतून घोषणा होते ना, तशी. तिला मेटा टॅग म्हणतात. पूर्वी तिथे वाट्टेल ते शब्द कोंबायची चाल होती. पान भेंडीच्या भाजीचं आणि पडद्याआड लिहिलेलं सोनं, कर्ज, नोकरी! लोकांनी इतकी लबाडी केली की यंत्रांनी त्या शब्दांच्या यादीकडे बघणंच सोडून दिलं. आता घोषणा आणि नाटक जुळावं लागतं.

माझी स्वतःची एक साइट आहे. बाजारभाव, दवाखाने, एस.टी.च्या वेळा, सणांचे पदार्थ, असलं सगळं. तिथे मी रोडग्यांची कृती टाकली. रोडगे म्हणजे विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे, तेव्हा गोवऱ्या आल्याच. मी तर नाटकी माणूस, गोवऱ्या कशा रचायच्या, शेण कसं हवं, राख कशी झटकायची, याचंच रसभरीत वर्णन केलं. पान उघडून बघतो तर जेवणाच्या मधोमध गोबरगॅस प्लांटची जाहिरात! मी खुर्चीतून उडालो. मग गोवऱ्या कमी केल्या, वांग्याची भाजी, वरण आणि तूप वाढवलं, पडद्याआडची ओळख बदलली. थोड्या दिवसांनी तुपाचे डबे आले. त्या दिवशी मी स्वतःला जादूगार समजत होतो.

रिसोडच्या एका साडीवाल्या शेठनं हौसेनं स्वतःच्या साइटवर अशा चौकटी ठेवल्या. दुसऱ्या आठवड्यात तो माझ्या जिन्यावर धापा टाकत आला.

"बबनभाऊ, माह्या दुकानात समोरच्याचा बोर्ड काहून लावला?"

"म्या नाई लावला, शेठ. तुमचं पान साड्यांचं. साड्यांवर बोली कोणाची? साडीवाल्याची."

"म्हंजे मी गिऱ्हाईक बोलवू अन् पंगत त्याची?"

मी इतका हसलो की शेठ रुसून गेला. मला या यंत्राची अशी फजिती बघायला फार आवडायचं. एक शब्द बदलायचा आणि चौकटीत कोण येतं ते बघायचं. पोरं पतंग उडवतात, मी हे खेळायचो.

मग वानखडे सर आले.

सर आसेगावचे, विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. धुतलेला पांढरा शर्ट, खिशात लाल पेन. एस.टी.नं रिसोडला आले आणि माझ्यासमोर टाइप केलेला मजकूर ठेवला. साप चावल्यावर काय करायचं आणि काय करायचं नाही, हा विषय. सोयाबीन सोंगायला, म्हणजे कापायला, आलं की आमच्याकडे साप निघतो. खाली वाकलेल्या बाईच्या हाताशी असतो. सरांनी लिहिलं होतं तळमळीनं. बाबा लोक काय काय करतात ते सगळं नाव घेऊन सांगितलं होतं. मंत्र, मणी, जडीबुटी, उतारा. प्रत्येकाखाली एकच वाक्य, हे खोटं आहे.

आणि शेवटी दिनूची हकिगत. दिनू म्हणजे सरांचा धाकटा भाऊ. सर तेव्हा बाहेरगावी शिकत होते. दिनूला वावरात साप चावला, घरच्यांनी बैलगाडीत घालून मांत्रिकाकडे नेला. मांत्रिकाचं गाव दवाखान्याच्या पुढं होतं. सरांनी लिहिलं होतं, "गाडी दवाखान्यासमोरून गेली. थांबली नाही."

मी ते वाचून उठलो आणि खिडकीपाशी गेलो.

"सर, हे पान लोक वाचतील," मी म्हणालो.

"वाचले पाह्यजेत. एकाची जरी गाडी थांबली तरी मले पुरे हाय," सर म्हणाले.

मथळा आम्ही दोघांनी वाद घालून ठरवला. ‘साप चावला? मांत्रिकाकडे जाण्याआधी हे वाचा.’ पडद्याआड ओळख टाकली, ‘मंत्र, मणी, उतारा: साप चावल्यावर बाबा काय करतात आणि ते खोटं का.’ पान असं चाललं की काय सांगू! आजूबाजूच्या बातम्यांच्या साइटवाल्यांनी ते न विचारता उचललं, मथळ्यासकट, पडद्याआडच्या ओळीसकट. सर खूश, मी खूश.

सोंगणी ऐन भरात होती. दुपारी माझा फोन वाजला. शेलूबाजारचे गफ्फारभाई. त्यांचं ताडपत्री, पत्रे, टिकाव-फावडी आणि गमबुटांचं दुकान आहे, थोडं वावरही आहे. माझ्या भोंग्याचं सर्वात जुनं गिऱ्हाईक.

"बबनभाऊ, कांताबाईच्या पायाले साप डसला. माह्या वावरात सोंगून राह्यली होती. जीपमधी घेतलं तिले. तुमचं ते सापाचं पान उघडलं म्या."

"बरं केलं. दवाखान्यात चालले ना?"

"चाल्लोच होतो. मंग तुमच्या बाबाले फोन लावला. तो म्हंते, गाडी हाय तिथंच थांबवा, रस्ता ओलांडू नका, मी विष फोनवरच उतरवतो. थांबलो म्या रस्त्याच्या कडेले. बराबर केलं ना?"

मी ताडकन उठलो.

"माहा बाबा? कोणता बाबा?"

"अरे भाऊ, तुमच्याच पानावरचा. वरच्या चौकटीत. दाढीवाला. खाली नंबर हाय."

मागून कांताबाईचा आवाज आला, "भाई, गाडी काहून थांबवली वो? मले मळमळून राह्यलं."

मंडळी, तेव्हा माझ्या गळ्यानं आयुष्यातली सर्वात मोठी आरोळी ठोकली. "गफ्फारभाई, गाडी चालू करा! त्या बाबाचा फोन उचलू नका! सरळ मंगरूळपीर, सरकारी दवाखाना!"

"पण बाबा म्हंते—"

"तो माहा बाबा नाई! त्याले म्या नाई ठेवलं तिथं!"

"तुमच्या पानावर हाय अन् तुमचा नाई? ये कैसी बात है, भाऊ?"

खरंच, कैसी बात होती! त्याचं उत्तर द्यायला वेळ नव्हता. जीप सुरू झाल्याचा आवाज आला. मी म्हणालो, "फोन ठेवू नका. बाईच्या शेजारी कोण हाय?"

"तिची जाऊबाई."

"तिले सांगा, पाय हलू देऊ नका. दोरी-बिरी बांधू नका. कापू नका. बोलत राहा तिच्याशी."

मग मी खोलीत येरझारा घालत ओरडत होतो आणि जीप पळत होती. "आता कुठी पोचले?" "पुलावर." "आता?" "टरक आडवा आला." "भोंगा वाजवा!" "वाजवूनच राह्यलो, तुमीच कान फोडून राह्यले!" माझा आवाज खाली रस्त्यापर्यंत गेला. हमाल पोती टाकून खिडकीखाली जमले. एकानं वर बघून विचारलं, "बबनभाऊ, कोणती सर्कस आली?" फोनमध्ये जाऊबाई बडबडत होती आणि कांताबाई तिला मधेच दटावत होती, "चूप बस वं, डोकं खाऊन राह्यली." तिनं दटावलं की मला बरं वाटायचं. ती गप्प झाली की मी पुन्हा ओरडायचो.

पोचले. इंजेक्शनं लागली. कांताबाई वाचली. पाय बरेच दिवस सुजलेला होता, पण ती वाचली. नर्सनं गफ्फारभाईंना झापलं, "रस्त्यात थांबले कायले होते?" गफ्फारभाई प्रामाणिक माणूस. म्हणाले, "बबनभाऊचं पान वाचाले."

फोन ठेवून मी पान उघडलं. वरच्या चौकटीत तो हसत होता. गळ्यात माळा, कपाळावर भस्म, खाली मोठ्या अक्षरांत ‘साप-विंचू, फोनवर उतारा’. आणि त्याच्या बरोबर खाली सरांचा मथळा. त्याच्या खाली, हे खोटं आहे, हे खोटं आहे, हे खोटं आहे.

मी त्याला बंद केला. तशी सोय असते. थोड्या वेळानं दुसरा आला, जडीबुटीवाला. जादूटोण्याचा अख्खा प्रकारच बंद केला. मग तेच लोक औषधी वनस्पतींचा सदरा घालून आले. शेवटी मी त्या पानावरच्या सगळ्या चौकटीच काढून टाकल्या. आमच्यापुरतं संपलं. पण ज्यांनी ते पान उचलून नेलं होतं, त्यांच्याकडे बाबा मजेत बसलेले होते. मी फोन केले तर ते म्हणाले, "भाऊ, चौकटी काढल्या तर खाऊ काय? तुमी मजकूर नवा द्या, आमी तो टाकतो." नक्कल करायला त्यांची कधीच ना नव्हती.

म्हणजे मजकूरच बदलायला हवा होता. आणि तो सरांचा होता.

गफ्फारभाई मला जीपमधून आसेगावला घेऊन गेले. सरांनी चहा दिला. मी सगळं सांगितलं. सर आधी हसले, त्यांना वाटलं मी नेहमीसारखी थट्टा करतोय. मग कपबशी खाली ठेवली.

"म्या त्याच्या विरोधात लिहिलं, बबनभाऊ. एकेका ओळीत विरोध हाय."

"यंत्राले विरोध नाई कळत, सर. विषय कळते. तुमी मांत्रिकाचं नाव इतक्या वेळा घेतलं, का यंत्र म्हणालं, ह्या घरी मांत्रिकाचीच वाट पाहून राह्यले. आणून बसवला."

आता नवी यंत्रं हुशार झालीत, माणसाचा रागसुद्धा ओळखतात, असं म्हणतात. ओळखत असतील. इंग्रजीतला ओळखत असतील. आसेगावच्या शिक्षकाचा मराठीतला राग ओळखायला त्यांना अजून वेळ लागेल, आणि सोंगणी तोवर थांबत नाही.

सरांनी लाल पेन काढलं. पोरांचे पेपर तपासावेत तसा स्वतःचा मजकूर पुढ्यात घेतला. मी सांगत गेलो, ते खोडत गेले. मंत्र गेला. मणी गेला. उतारा गेला. मथळा गेला. पानभर लाल झालं. मग ते दिनूपाशी आले आणि पेन थांबलं.

"हे बी?"

मी उठलो. दारापर्यंत गेलो, परत आलो. "त्यात बाबा हाय, सर. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"दिनूसाठीच तर लिहिलं म्या सगळं."

बोलले ते गफ्फारभाई, तेही खाली बघून. "सर, बुरा नका मानू. म्या दिनूचं वाचलंच नाई. तिथपर्यंत पोचलोच नाई. वरच बाबा भेटला."

सरांनी पेन पुन्हा कागदावर टेकवलं. मग एक रेघ ओढली, पट्टी लावून ओढावी तशी सरळ.

नवा मथळा झाला, ‘साप चावला: सरळ सरकारी दवाखाना’. पडद्याआड लिहिलं, ‘धीर द्या, पाय हलवू नका, इंजेक्शनासाठी लगेच दवाखान्यात न्या’. मजकुरात फक्त काय करायचं ते. गमबूट घाला, बॅटरी वापरा, हात घालण्याआधी काठीनं धसकट हलवा, रुग्णवाहिका बोलवा. साइटवाल्यांनी नेहमीच्या तत्परतेनं ते उचललं. मी रोज सगळ्यांची पानं उघडून बघत होतो, जेवताना, झोपेतून उठून, बायको बोलत असताना. हळूहळू बाबा गेले. चौकटीत बॅटऱ्या आल्या, रबरी बूट आले. गफ्फारभाईंनी फोन करून भांडण काढलं, "बूट तर म्या बी विकतो! माही जाहिरात काहून नाई?"

धंद्याच्या हिशोबानं हा विजयच होता. पण सर बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, "पान चांगलं झालं, बबनभाऊ. पण ते कोणाचंच नाई वाटत."

ते वाक्य माझ्या बुडाखाली येऊन बसलं. पुढची सोंगणी जवळ आली तेव्हा मी माळ्यावरून जुना भोंगा काढला. सरांना म्हणालो, "सर, भोंग्याच्या बाजूले चौकट नसते. तिथं बोली लावून कोणी घुसत नाई. दिनूची गोष्ट म्या सांगतो." सरांचा चेहरा उजळला.

आसेगावच्या चौकात मी ऑटो उभा केला. सर मागच्या सीटवर बसले. आणि मंडळी, मी सांगितलं हो! बैलगाडी आणली, पोराचं विव्हळणं आणलं, मांत्रिकाची धुनी, त्याचे डोळे, त्याचं घुमणं, सगळं या गळ्यातून उभं केलं. पाणी भरायला निघालेल्या बाया थांबल्या. पानटपरीवरचे लोक पुढे आले. "गाडी दवाखान्यासमोरून गेली, थांबली नाही," म्हणालो तेव्हा एका बाईनं कमरेवरची कळशी खाली ठेवली. इतक्या दिवसांनी मला पुन्हा जादूगार झाल्यासारखं वाटलं.

माईक ठेवतोय तोच एक म्हातारबा जवळ आले. खांद्यावर दुपट्टा, पांढऱ्या मिशा. हात जोडून म्हणाले, "लय चांगलं सांगतलं भाऊ. डोळ्यासमोर दिसला मले तो बाबा. तो बसते कुठी म्हणले? माह्या बुढीचा पाय सुजून राह्यला. पत्ता सांगा ना."

यंत्राला हसायला मी मोकळा होतो. यांना काय हसू? यांनी तर शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं होतं. पण मी बाबाच इतका रंगवला होता की दवाखाना त्यांना दिसलाच नाही.

सर खाली उतरले. मला वाटलं आता चिडतील. त्यांनी म्हातारबांचा कोपर धरला. "चाला, आधी घरी जाऊ. आजीचा पाय पाहू." दोघं चालू लागले. मी भोंगा बंद केला आणि ऑटो बैलाच्या चालीनं त्यांच्या मागे घेतला. सर अगदी हळू बोलत होते. मला फक्त सुरुवात ऐकू आली, "माहा एक लहान भाऊ होता. दिनू त्याचं नाव..." म्हातारबा मधेच थांबत होते, सरांच्या तोंडाकडे बघत होते, काहीतरी विचारत होते. सर सांगत होते. पुन्हा चालत होते. घर येईपर्यंत म्हातारबांनी दुपट्ट्यानं दोनदा डोळे पुसले. त्यांनी पत्ता पुन्हा विचारला नाही.

आजीला आम्ही ऑटोत बसवलं. तिला साप चावला नव्हता. काटा रुतून पाय चिघळला होता आणि ती कितीतरी दिवस तो लपवत होती. मी डांबरी रस्त्याला लागलो. दिनूची बैलगाडी गेली तो हाच रस्ता, दवाखानाही तोच, पण ते माझ्या ध्यानात नव्हतं. मी नेहमीप्रमाणे घाईत होतो. दवाखान्याची पाटी दिसली तेव्हा मागून सरांचा हात माझ्या खांद्यावर पडला, जड, घट्ट.

"थांबव," सर म्हणाले.

मी थांबवलं.